स्टर्लिंग शिल्लक

स्टर्लिंग क्षेत्रातील देश व वसाहती यांच्या मध्यवर्ती बँका, चलन मंडळे आदी संस्थांनी लंडन येथे पौंडांत ठेवलेल्या ठेवी, सरकारी हुंड्या व कर्जरोखे यांस ही संज्ञा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश साम्राज्याचे विसर्जन होत असताना राज्यकर्ता देश ऋणको व अंकित देश धनको, असा विपरीत संबंध या शिलकेमुळे निर्माण झाला. तथापि ऋण केव्हा व कोणत्या रूपात फेडावयाचे, हे ठरविण्यात ऋणकोचाच वरचष्मा राहिला.

भारताची शिल्लक सर्वांत मोठी होती. युद्धारंभी झालेल्या संरक्षण-खर्चविषयक करारान्वये भारताच्या नेहमीच्या संरक्षणापलीकडील खर्चाचा मोठा भाग ब्रिटनने सोसावयाचा होता. त्याची भरपाई लंडनमध्ये पौंडांत जमा होई व त्या पौंडांच्या आधारे रिझर्व्ह बँक भारतात नोटा काढी. प्रचारातील नोटा १९३९ मधील सुमारे १८० कोटी रुपयांवरून युद्धाखेरीस सुमारे १,२०० कोटी रुपयांवर गेल्या. त्याच वेळी धान्य, कापड इ. वस्तू युद्धाकडे वळल्याने भाव भडकले. म्हणजेच ही शिल्लक ही भारतीय जनतेची सक्तीची बचत होती; १९४३ च्या बंगालच्या दुष्काळास जी कारणे घडली, त्यांत या भाववाढीचाही समावेश होतो. जुने पौंडकर्ज बहुतांशी फिटून १९४५ अखेर सुमारे १३० कोटी पौंड भारताच्या नावे जमा होते.

ब्रेटन वुड्‍स परिषदेत (१९४४) भारतीय शिष्टमंडळाने हा प्रश्न मांडला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख व उद्योगक्षेत्रातील ए. डी. श्रॉफ हे त्या शिष्टमंडळाचे सदस्य होते. हा प्रश्न संबंधित देशांनी आपसांत सोडवावा, ही ब्रिटनची भूमिका टिकली. अमेरिकन कर्जाच्या अटीनुसार १५ जुलै १९४७ पासून पौंड डॉलरमध्ये परिवर्तनीय झाला. परंतु डॉलरसाठा झपाट्याने घटल्याने २० ऑगस्ट रोजी ही सवलत थांबवावी लागली. दरम्यान १४ ऑगस्टच्या करारान्वये भारताची सुमारे ११६ कोटी पौंडांची शिल्लक गोठविलेल्या खात्यात ठेवून त्यातून मर्यादित रकमाच मोकळ्या करण्यात आल्या. १९४८ च्या करारात भारतात उरलेल्या लष्करी सामग्रीबद्दल १० कोटी आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी सुमारे १६.८ कोटी पौंड शिलकेतून वळते झाले. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे ३०.५ टक्के अवमूल्यन होऊन शिलकेची डॉलरमधील खरेदीशक्ती तितक्याच प्रमाणात घटली. अशा रीतीने, ऋण नाकारले गेले नसले, तरी त्याचे मोल कमी झाले.

स्वतंत्र भारताला निदान वाटाघाटी करता आल्या. वसाहतींना तीही मुभा नव्हती. मलायाचे रबर व कथील आणि गोल्ड कोस्टचा कोको अमेरिकेत विकून आलेले डॉलर लंडनच्या सामाईक साठ्यात जात व वसाहतींच्या खाती पौंड जमा होत. गोल्ड कोस्टमध्ये १९४७ साली स्थापन झालेले कोको विपणन मंडळ शेतकऱ्यांना जागतिक किंमतीहून कमी भाव देई व उरलेली रक्कम ब्रिटिश रोख्यांत गुंतवी. भावस्थिरता हा त्याचा घोषित हेतू होता. परंतु परिणामतः गरीब उत्पादकांची बचत ब्रिटनच्या पुनर्रचनेस उपयोगी पडली. डॉलरची ही मिळकत म्हणजे १९४८ नंतर मलायातील सत्ता राखण्याचे एक प्रबळ कारण होते.

मलाया व गोल्ड कोस्ट (घाना) १९५७ मध्ये स्वतंत्र झाले. पौंड १९५८ अखेर अनिवासींसाठी परिवर्तनीय झाला व डॉलरची टंचाई ओसरली. भारताची शिल्लक दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या (१९५६–६१) यंत्रसामग्रीच्या आयातीत झपाट्याने खर्ची पडली आणि पूर्वीच्या धनको देशाला परकीय मदतीकडे वळावे लागले. पौंडाच्या १९६७ मधील दुसऱ्या अवमूल्यनानंतर अनेक देशांनी आपले साठे इतर चलनांकडे वळविले. जून १९७२ मध्ये पौंडाचा विनिमय दर तरता ठेवण्यात आला व स्टर्लिंग क्षेत्राचा व्यवहारतः शेवट झाला. राजकीय सत्तांतर एका दिवसात होऊ शकते. परंतु चलन व पतव्यवस्थेतील पारतंत्र्य त्यानंतरही दीर्घकाळ टिकते, हे स्टर्लिंग शिलकेच्या इतिहासावरून दिसून येते.