घरच्या बागेतील ठिबक

झाडाच्या मुळांना जितकी पाण्याची तितकीच हवेचीही गरज असते, ही गोष्ट झारी हाती घेऊन सकाळ-संध्याकाळ कुंड्या काठोकाठ भरणाऱ्या हौशी माणसाच्या सहसा ध्यानी येत नाही. त्यामुळे माती ओलीही असावी आणि मोकळीही असावी, ही शेतकऱ्याच्या नित्य परिचयाची वाफशाची अवस्था कुंडीत क्वचितच टिकते. ठिबक सिंचनाचे खरे मर्म, माझ्या मते, पाण्याच्या बचतीपेक्षाही हा वाफसा राखण्यात आहे.

मेघालयातील जैंतिया टेकड्यांत झऱ्याचे पाणी बांबूच्या पन्हळींतून उतरवीत पानवेलींच्या बुंध्याशी थेंबाथेंबाने पोहोचविण्याची वहिवाट फार जुनी आहे; प्लॅस्टिकच्या ड्रिपरचे युग मात्र गेल्या शतकाच्या उत्तरार्धात इस्रायलमध्ये सिमचा ब्लास यांच्या प्रयत्नांनी उदयास आले आणि पुढे जळगावच्या केळीबागांत व नाशिकच्या द्राक्षमळ्यांत स्थिरावले.

गच्चीवरील बागेसाठी झाकणाचे ५० लिटरचे काळे पिंप पुरेसे होते. काळे अशासाठी की, प्रकाश आत शिरला नाही म्हणजे शेवाळ धरत नाही. हे पिंप कुंड्यांच्या माथ्यापासून मीटरभर उंचावर, भक्कम घडवंचीवर ठेवावे, आणि त्याची तोटी तळापासून चार बोटे वर बसवावी, म्हणजे गाळ खालीच राहतो. तोटीपुढे बारीक जाळीचा फिल्टर लावण्याची तजवीज मात्र कदापि टाळू नये. मीटरभर उंचीने मिळणारा दाब शेतातील ठिबक संचाला लागणाऱ्या दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका असतो, म्हणून दाब नियंत्रित करणारे महागडे ड्रिपर येथे निरुपयोगी ठरतात. त्याऐवजी १६ मिलिमीटरच्या मुख्य नळीला ४ मिलिमीटरच्या बारीक नळ्या जोडाव्यात आणि प्रत्येकीला, सलाइनच्या नळीला असते तशी, प्रवाह कमीजास्त करणारी चकती बसवावी. मुख्य नळी सतत उताराची असावी; मध्येच उंचवटा आला की तेथे हवा कोंडते आणि इतक्या अल्प दाबाचे पाणी पुढे सरकतच नाही.

आता कुंडीशी बसून थेंब मोजावेत. एका मिलिलिटरचे सुमारे २० थेंब होतात, या हिशेबाने सेकंदाला एक थेंब पडल्यास तासाला १८० मिलिलिटर पाणी मिळते. अशा २० कुंड्या चार तास भिजविल्या तरी पंधरा लिटरही खर्ची पडत नाहीत. खालच्या पातळीवरील कुंडीत थेंब भराभर पडतात, म्हणून प्रत्येक चकती निराळी जुळवावी लागते, आणि हे काम सबुरीनेच करावे. जमिनीत लावलेल्या झाडांबाबत मातीचा स्वभावही पाहावा: काळ्या मातीत ओल आडवी पसरते, तर रेताड मातीत ती सरळ खाली उतरते, म्हणून तेथे थेंबांच्या जागा जवळजवळ घ्याव्यात.

बोअरचे पाणी जड असल्यास नळ्यांच्या तोंडाशी पांढरे क्षार साचतात. ती तोंडे व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजत ठेवून धुवावीत. मुख्य नळीचे दुमडून बांधलेले टोक पंधरवड्यातून एकदा सोडून गाळ वाहू द्यावा. पावसाळ्यात पिंप रिकामे करून पालथे घालावे, अन्यथा डासांना आयतेच घर मिळते.