पारखून घ्यावयाची प्रणाली : आरोग्याच्या मुक्त सॉफ्टवेअरला मान्यता कशी मिळते?

केसपुत्त नगरीत तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपल्या वाचकांस परिचित आहे. परंपरेत आहे, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असा त्याचा आशय. ही कसोटी आपण कर्मकांडाला लावतो, परंतु हातातल्या मोबाइलला लावत नाही. आम्हीही लावली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या सिकलसेल तपासणी शिबिरात आम्ही नावनोंदणीच्या टेबलावर होतो. एका खाजगी मंडळींनी फुकट दिलेल्या अ‍ॅपमध्ये आम्ही स्वतःच्या हाताने लोकांची नावे, वय, जात, मोबाइल नंबर आणि तपासणीचा निकाल भरला. पुढे काही महिन्यांत ते अ‍ॅप बंद पडले. यादी परत मागितली, ती मिळाली नाही. ती आज कोणाकडे आहे, हे आम्हांस सांगता येत नाही.

विदर्भात ही गोष्ट लहान नाही. सिकलसेल आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. 'एएस' म्हणजे केवळ वाहक. तो रुग्ण नव्हे. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्यास 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून ही माहिती त्या मुलीस व मुलास असलीच पाहिजे. परंतु तीच माहिती सोयरिकीच्या बैठकीत तिऱ्हाइताच्या मोबाइलवरून पोहोचली तर त्या मुलीचे काय होते, हे आपणांस सांगावयास नको.

तेव्हा अशा प्रणाली तपासतो कोण, याचा आम्ही शोध घेतला.

प्रथम 'मुक्त' म्हणजे काय ते पाहू. मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. आमच्याकडचे ते अ‍ॅपही फुकटच होते. ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणासही वाचता येते, बदलता येते आणि पुन्हा वाटता येते, व तसा हक्क परवान्यात लिहिलेला असतो, ते मुक्त. याचे आरोग्यक्षेत्रातील ठळक उदाहरण म्हणजे 'डीएचआयएस २'. त्याचे मूळ दक्षिण आफ्रिकेत आहे. वर्णभेदी राजवटीत तेथील आरोग्याची आकडेवारीदेखील वंशावंशांत विभागलेली होती. १९९४ मध्ये ती राजवट संपल्यावर साऱ्या जनतेची एकच जिल्हावार नोंद असावी, या गरजेतून हे काम उभे राहिले. पुढे नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठाने ते वाढविले. २०२० च्या जानेवारीत श्रीलंकेच्या आरोग्य खात्याने परदेशातून येणाऱ्या प्रवाशांची कोरोनासाठी नोंद ठेवण्यास हीच प्रणाली वापरली आणि तो नमुना इतर देशांनी उचलला. परवानगीसाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही, हा मुक्त परवान्याचा लाभ. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमधील गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोगाच्या रुग्णालयात आकारास आलेली 'बाह्मनी' ही रुग्णालयीन प्रणालीही याच कुळातली.

अशा प्रणालींना पारखून नोंदवहीत घेण्याचे काम 'डिजिटल पब्लिक गुड्स अलायन्स' ही संस्था करते. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या समितीच्या २०१९ च्या अहवालानंतर ती स्थापन झाली. नॉर्वे व सिएरा लिओन ही सरकारे, युनिसेफ आणि भारतातील आयस्पिरिट हे तिचे संस्थापक. तिच्या मानकात नऊ कसोट्या आहेत. सर्व येथे सांगत बसत नाही. शिबिराच्या अनुभवाने ज्या आम्हांस झोंबल्या तेवढ्या सांगतो.

परवाना मान्यताप्राप्त मुक्त परवाना असला पाहिजे. मालक कोण, हे कागदोपत्री स्पष्ट असले पाहिजे. (आमच्या अ‍ॅपचा मालक कोण, हे विचारण्याचे आम्हां कोणासच सुचले नव्हते.) एखाद्या बंदिस्त भागावाचून प्रणाली चालतच नसेल, तर त्यास मुक्त पर्याय दाखवावा लागतो. व्यक्तीची ओळख पटणार नाही अशी आकडेवारी सर्वसाधारण स्वरूपात बाहेर काढता आली पाहिजे. मग कंपनी बुडाली तरी गावनिहाय आकडे बुडत नाहीत. गोपनीयतेचे कायदे पाळण्यासाठी काय केले, हे दाखवावे लागते. आणि नववी कसोटी सर्वांत मोलाची : प्रणाली रचतानाच तिने कोणास इजा होऊ नये याची तजवीज हवी. कोणती व्यक्तिगत माहिती घेता, ती कशी सांभाळता, याची उत्तरे द्यावी लागतात. आमच्या टेबलावर 'जात' हा रकाना कशासाठी होता, याचे उत्तर तेव्हाही नव्हते, आजही नाही.

रीत अशी की अर्जदाराने प्रत्येक कसोटीपुढे पुरावा जोडायचा. तपासनीस तो पाहतात, शंका काढतात, अपुरा असल्यास खुलासा मागतात. सर्व कसोट्या उतरल्या तरच नोंद होते. आम्ही बँकेतले असल्याने ही पद्धत चटकन उमगली. एकाने व्हाउचर करायचे, दुसऱ्याने पास करायचे. स्वतःचेच व्हाउचर स्वतः पास करण्याची मुभा नाही. शिवाय ही मान्यता कायमची नसते. दरवर्षी फेरतपासणी होते आणि जी प्रणाली मानकात बसत नाही ती नोंदवहीतून काढली जाते. मानकाचा मसुदाही उघडा असून त्यात दुरुस्ती कोणीही सुचवू शकतो. आपल्या संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

परंतु मान्यतेचा अर्थ ताणू नये. नोंदवहीतील नाव म्हणजे औषधावरचा शिक्का नव्हे. रोगनिदान करणाऱ्या सॉफ्टवेअरचा विषय निराळा. फेब्रुवारी २०२० च्या केंद्रीय अधिसूचनेने असे सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत आले व ते औषध नियंत्रकांच्या कक्षेत गेले. आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडून घ्यावयाचे असेल तर 'सँडबॉक्स' नावाच्या चाचणी-व्यवस्थेतून जावे लागते व सुरक्षेची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी लागते. आणि मुख्य म्हणजे, प्रणाली कितीही चोख असली तरी ती बसविणाऱ्याने सर्वांस एकच पासवर्ड वाटला, तर ऑस्लोतून कोणी येऊन थांबविणार नाही. तिजोरी उत्तम आणि किल्ली खिळ्याला टांगलेली, असे आम्ही शाखेत पाहिले आहे.

यंदाच्या शिबिरासाठी पुन्हा एका मंडळींनी अ‍ॅप देऊ केले. कार्यकारिणीने या वेळी त्यांना लेखी चार प्रश्न विचारले : परवाना कोणता, मालक कोण, आकडे परत कसे मिळणार, आणि जात कशासाठी विचारता? पहिल्या दोहोंची उत्तरे आली आहेत. उरलेली येईपर्यंत नोंदणी कागदावर होईल, जातीचा रकाना नसेल, आणि निकाल ज्याचा त्याला बंद लिफाफ्यात दिला जाईल. लिफाफे भरण्यासाठी पाच-सहा विद्यार्थ्यांची गरज आहे; इच्छुकांनी रविवारी वंदनेनंतर आम्हांस विहारात भेटावे.