जीभ चिकटलेली आहे, कापायची का?

हिंगोली असो की सेनगाव, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आलं की वजन-उंचीबरोबर मुलांचं तोंडही तपासतं. जीभ बाहेर काढायला, टाळूला लावायला सांगतात. टोक वर जात नसेल, बाहेर काढताना मध्येच खाच पडत असेल, तर ती ‘चिकटलेली जीभ’, म्हणजे ‘टंग टाय’. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या या कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत होतात.

जिभेखालची घडी सगळ्यांनाच असते. ती स्वतंत्र दोरी नव्हे. जीभ उचलली की तोंडाच्या तळाचं पातळ आवरण ताणलं जाऊन ती तयार होते, हे न्यूझीलंडच्या निक्की मिल्स यांनी २०१९ मध्ये शवविच्छेदनातून दाखवलं. काहींची घडी आखूड, जाड किंवा थेट टोकाशी जोडलेली असते. तरी घडी दिसते कशी यापेक्षा जीभ हलते किती, हे महत्त्वाचं.

अंगावर पिताना बाळ जीभ खालच्या हिरडीवर पसरून, मग खाली नेऊन दूध ओढतं. जीभ अडली तर ते हिरडीनंच चावतं. आईच्या स्तनाग्रांना चिरा पडतात, बाळाचं वजन वाढत नाही. पाजण्याची पद्धत सुधारूनही त्रास राहिला, तर डॉक्टर घडीला छोटा छेद देतात. रक्ताचे दोन-चार थेंब येतात आणि बाळाला लगेच पाजता येतं. घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार असेल, तर ते आधी सांगावं. मोठ्या मुलांना बहुधा पूर्ण भूल देऊन टाके घालावे लागतात. नंतर जिभेचे व्यायामही असतात.

अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा छेदानं आईच्या वेदना काही काळ कमी झाल्याचं दिसलं. बाळाचं पिणं सुधारतंच, असं ठामपणे सिद्ध झालं नाही.

बोलण्याचं काय? ल, र, ळ, ण यांना जिभेचं टोक उचलावं लागतं, तिथे अडखळ होऊ शकते. पण ‘बाबा’ला ओठ पुरतात आणि ‘काका’ला जिभेचा मागचा भाग. दोन वर्षांचं मूल हेही म्हणत नसेल, तर दोष जिभेला देऊन थांबू नये; आधी त्याचे कान तपासून घ्यावेत.