घाट उतरण्याआधी चाक उघडा : ब्रेक पॅड घरच्या अंगणात कसे बदलतात

जोयडा : अनमोड घाट उतरून मोलेकडे आलेल्या एखाद्या गाडीच्या पुढच्या चाकातून जळका वास येतो, हे या रस्त्यावर नेहमी ये-जा करणाऱ्यांना नवीन नाही. काहीजण गाडी बाजूला घेऊन चाकावर पाणी ओततात. ते तर अजिबात करू नये, कारण तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडले की ती वाकडी होण्याची किंवा तिला चीर जाण्याची भीती असते. गाडी सावलीत उभी करून अर्धा तास थांबणे एवढाच खरा उपाय. पण वास का आला, हे घरी गेल्यावर बघायलाच हवे.

जोयडा तालुक्यातून समुद्राकडे जायचे म्हटले की घाट चुकत नाही. गोव्याला जायचे तर रामनगरवरून अनमोड, कारवारला जायचे तर कुंभारवाड्यावरून अणशी. दोन्ही वाटा जंगलातल्या. बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नाही, गॅरेज नाही. पावसाळ्यात धुके, ओला रस्ता आणि शेवाळलेल्या कडा. अशा ठिकाणी ब्रेकचे पेडल एकदम मऊ लागले तर मदत यायला किती वेळ लागेल, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

म्हणूनच गाडीचे वेड असलेल्या पोरांमध्ये रविवारी कुणाच्या तरी अंगणात चाके उघडून ब्रेक बघण्याची सवय वाढते आहे, ही चांगली गोष्ट. एकाकडे जॅक, दुसऱ्याकडे गोटी पान्यांचा डबा, तिसऱ्याने हे काम आधी दोन-चार वेळा केलेले. घरात एकट्याने करण्यापेक्षा हे बरे. एकाने आवळलेला बोल्ट दुसऱ्याने तपासला की चूक राहत नाही. मात्र ब्रेक म्हणजे सीट कव्हर नव्हे. काय करतो आहोत आणि का, हे समजून घेऊनच हात घालावा.

एक टन वजनाची गाडी पाचशे मीटर उंचीवरून खाली आली की तिची जी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्यात साधारण पंधरा लिटर पाणी उकळेल. गिअरने जी अडवली नाही ती बहुतेक सगळी उष्णता पुढच्या दोन डिस्क आणि चार पॅडमध्ये जाते. ब्रेक मारला की गाडीचे वजन पुढे झुकते, म्हणून पुढची चाके जास्त काम करतात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो तो याच हिशेबाने. पॅड फार तापला की त्याची पकड सैल पडते. पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. घाटात घाबरवणारी गोष्ट हीच.

इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने 1897 साली घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी घासपट्टी तयार केली. उतारावर गाडी धरून ठेवायला गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचा तुकडा लावत, ते पाहून त्याला हे सुचले असे सांगतात. पुढे त्यातूनच फेरोडो ही कंपनी उभी राहिली. म्हणजे ब्रेक पॅडचा जन्मही उतारावरच झाला म्हणायचा.

पॅड संपत आल्याची खूण बहुतेक वेळा कानाला कळते. अनेक पॅडना पत्र्याची छोटी जीभ असते. घासपट्टी पातळ झाली की ती डिस्कला लागून किंचाळते. त्याकडे दुर्लक्ष केले की पुढे खरखर सुरू होते. ती लोखंडावर लोखंड घासल्याची असते, आणि मग पॅडबरोबर डिस्कचाही खर्च येतो. नव्या पॅडची घासपट्टी साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असते. तीन मिलिमीटरवर आली की बदलावी. घाटात रोज जाणाऱ्याने चारवरच बदललेली बरी. किती हजार किलोमीटरला पॅड बदलावे, याला ठराविक उत्तर नाही. बेळगाव-हुबळी सरळ हायवेवर चालणारी गाडी आणि रोज अनमोड उतरणारी गाडी यांचा हिशेब एक कसा असेल?

चाकाच्या फटीतून बाहेरचा पॅड दिसतो, तो जाड आहे बघून लोक निश्चिंत होतात. पण बऱ्याचदा आतला पॅड आधी संपतो. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या चिखल आणि गंजाने अडकल्या की आतला पॅड एकटाच घासत राहतो. आपल्याकडचा लाल चिखल आणि चार महिन्यांचा पाऊस यात हे हमखास होते. म्हणून पावसाळा संपला की चाक काढूनच बघावे.

कामाला जागा सपाट आणि टणक हवी, शेणाने सारवलेले मऊ अंगण नको. हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पुढचे एक चाक उचलल्यावर गिअरचा भरवसा राहत नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करायचे, मग जॅक लावायचा. जॅकने गाडी फक्त उचलायची. उचललेली गाडी लोखंडी स्टँडवर ठेवावी. आपल्याकडे स्टँडऐवजी चिरे रचायची खोड आहे. चिरा वजनाखाली अचानक फुटतो. सिमेंटचा पोकळ ब्लॉकही तसाच. स्टँड मिळत नसेल तर काम पुढे ढकलावे.

दोन्ही बाजू एकदम उघडू नयेत. एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरी उघडावी, म्हणजे क्लिप कशी बसली होती हे विसरले तर बघायला नमुना राहतो. स्टिअरिंग फिरवले की कॅलिपरचे बोल्ट समोर येतात. बऱ्याच छोट्या गाड्यांत खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलता येतो, काहींत दोन्ही काढावे लागतात. काढलेला कॅलिपर ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये. तारेने स्प्रिंगला बांधावा. नळी आतून फाटली तर बाहेरून काहीच दिसत नाही.

जुने पॅड काढले की धूळ दिसेल. ती फुंकर मारून किंवा हवेच्या पाईपने उडवू नये. पूर्वी पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे, आणि आताची धूळही फुप्फुसाला चांगली नाही. ओल्या फडक्याने पुसावी, तोंडाला मास्क असावा. डिस्कवर खोल चर, निळे डाग किंवा चीर दिसली तर इथेच थांबून मेस्त्रीला दाखवावे. डिस्क किती पातळ चालते तो आकडा बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेला असतो.

नवे पॅड जाड, त्यामुळे पिस्टन आत ढकलावा लागतो. त्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑईलची टाकी बघावी. जुने पॅड झिजत असताना कुणी वरून ऑईल भरले असेल तर पिस्टन मागे जाताना ते उसळून बाहेर येते आणि गाडीचा रंग खाते. थोडे ऑईल सिरिंजने काढून घ्यावे, सांडले तर लगेच पाण्याने धुवावे. पिस्टन सी-क्लॅम्पने हळूहळू, सरळ दाबायचा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटला की रबरी सील फाटते.

पिना काढून पुसाव्यात आणि ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. साधे पिवळे ग्रीस रबर फुगवते. पॅडच्या घासपट्टीला आणि डिस्कला मात्र ग्रीस वा तेलकट बोट लागता कामा नये. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. चांगल्या कंपनीचा पुढच्या चाकांचा सेट छोट्या गाडीसाठी साधारण हजार-दोन हजारांच्या घरात येतो. अर्ध्या किमतीत तसाच डबा मिळत असेल तर त्याचे कारण डब्याच्या आत असते. बोल्ट किती आवळायचा हे गाडीच्या पुस्तकात पाहावे आणि टॉर्क पान्यानेच आवळावा. ताकद दाखवून आवळलेला बोल्टही तुटतो.

चाक बसले, गाडी खाली आली की निघण्याची घाई होते. पण पिस्टन मागे ढकललेला असल्याने पहिल्यांदा पेडल दाबल्यावर ते थेट खाली जाते. इंजिन सुरू करण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत हळूहळू पंप करायचेच. हे विसरून गेटच्या भिंतीवर गेलेल्या गाड्या कमी नाहीत. नंतर ऑईलची पातळी पुन्हा बघावी.

ऑईलचे दुखणे पॅडपेक्षा वेगळे, पण घाटात तितकेच जीवघेणे. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते. नवे कोरडे डॉट 4 ऑईल 230 अंशांच्या वर उकळते, ओलावा शोषलेले मात्र 155 अंशांच्या आसपासही उकळू शकते. उकळले की नळीत वाफ होते, आणि वाफ दबते म्हणून पेडल स्पंजासारखे होते. जोयड्यासारख्या दमट भागात दोन वर्षांनी ते बदलणे टाळू नये. हवा काढण्याचे हे काम पहिल्यांदा मेस्त्रीकडूनच शिकावे.

मागे डिस्क आणि बटणाचा हँडब्रेक असलेली गाडी, डॅशवर पेटलेला ब्रेकचा किंवा एबीएसचा दिवा, चाकाच्या आतून गळणारे ऑईल, दाबून धरल्यावर हळूहळू खाली जाणारे पेडल, यातले काहीही असेल तर अंगणातला प्रयोग नको. मागचे ड्रमही स्प्रिंगांमुळे किचकट असतात. वॉरंटीतली गाडी तर सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यावी.

नव्या पॅडचा पहिला प्रवास घाटात करू नये. रिकाम्या सपाट रस्त्यावर ताशी पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा बेताने ब्रेक लावावा. मधे थोडी गाडी चालू ठेवून डिस्क गार होऊ द्यावी. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळून बघावेत. त्यानंतर अणशी किंवा अनमोड. उतरताना ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरमध्ये. न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची खोड अजून गेलेली नाही, पण आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बहुतेक बंदच होते, त्यामुळे वाचत काहीच नाही. आणि इंजिनच बंद केले तर दोन-तीन वेळा पेडल दाबल्यावर ब्रेकला मिळणारी मदत संपते, मग दोन्ही पायांनी दाबले तरी पेडल दगडासारखे लागते.