तरुणपणीच म्हातारा झालेला नट

तापी समुद्राला मिळते तिथे, हजीऱ्याला लागूनच, सुवाळीचा किनारा आहे. १६१२ साली याच पाण्यात इंग्रजांच्या जहाजांनी पोर्तुगीजांना हरवलं आणि सुरतेत आपली वखार पक्की केली. पुढे मार्च १७७५ मध्ये त्याच सुरतेत राघोबादादांनी पेशवाईच्या गादीसाठी इंग्रजांशी तह केला; मदतीच्या मोबदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल ज्या न्यायाधीशाने दादांना देहांत प्रायश्चित्त सांगितलं होतं, ते रामशास्त्री प्रभुणे. आज रामशास्त्री म्हटलं की जुन्या मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर येतात ते पडद्यावरचे रामशास्त्री, गजानन जागीरदार!

जागीरदारांचा जन्म १९०७ चा, अमरावतीचा. नायकाचा देखणा चेहरा त्यांना मिळाला नव्हता, पण वय अंगावर चढवण्याची विलक्षण कला होती. १९४१ साली व्ही. शांतारामबापूंच्या 'शेजारी' चित्रपटात त्यांनी म्हातारा मिर्झा उभा केला, तेव्हा त्यांनी पस्तिशीही गाठली नव्हती. बुद्धिबळाच्या पटावर जमलेली दोन म्हाताऱ्यांची दोस्ती, धरणापायी त्यांच्यात पडलेलं वैर आणि अखेर धरण फुटताना एकमेकांचे हात धरून आलेलं मरण. मराठीत समोर केशवराव दाते होते. त्याच्याच हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'त, मात्र दुसरा म्हातारा, ठाकूर, झाले मजहर खान आणि मिर्झा पुन्हा जागीरदारच. हिंदूची भूमिका मुसलमान नटाकडे आणि मुसलमानाची हिंदू नटाकडे! त्या काळात 'प्रभात' फिल्म कंपनीने घेतलेला हा निर्णय मला आजही थोर वाटतो.

त्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या चित्रपटसंस्थेसाठी जागीरदारांनी 'पायाची दासी' दिग्दर्शित केला आणि पुढच्या वर्षी 'वसंतसेना'. पण खरी कसोटी होती १९४४ चा 'रामशास्त्री'. शांतारामबापू 'प्रभात' सोडून गेले होते. दिग्दर्शनाची सूत्रं राजा नेने, विश्राम बेडेकर यांच्या हातून फिरत अखेर जागीरदारांकडे आली, आणि रामशास्त्रीही तेच होते. कॅमेऱ्यामागे उभं राहून सेटवरच्या प्रत्येकाला सांभाळायचं आणि पुढे येऊन त्या निःस्पृह माणसाची शांतता चेहऱ्यावर आणायची. त्यांचा शास्त्री ओरडत नाही. समोर राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईच्या भूमिकेत ललिता पवार असताना हा संयम टिकवणं किती अवघड असेल! कपटाच्या बाजूला सगळा आवेश, न्यायाच्या बाजूला फक्त एक स्थिर नजर. दिग्दर्शक म्हणून त्यांनी केलेली ही वाटणी नट म्हणून त्यांनीच पेलली.

पुढे १९६१ ला त्यांनी दिग्दर्शित केलेला 'वैजयंता' आला. हिंदीतही ते दिसत राहिले. 'गाईड'मधला भोला त्यांचाच.

दरम्यान 'प्रभात' बंद पडली होती. पुण्यातल्या तिच्या स्टुडिओच्या आवारात १९६० साली केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तिचे पहिले प्राचार्य म्हणून जागीरदार आले. जिथे त्यांनी मिर्झाची पांढरी दाढी लावली होती, जिथे शास्त्रीबुवांची पगडी चढवली होती, त्याच आवारात आता विशीतली मुलं त्यांच्याकडे सिनेमा शिकायला येऊ लागली.