चौदाशे वर्षं आणि एक कोरं पत्र

काशीमिऱ्याहून अहमदाबाद हायवेला लागायचं, वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडायचा आणि शिरसाड फाट्याला उजवीकडे वळायचं. मीरा-भाईंदरकर वज्रेश्वरीला असेच जातात. वसई पडावी म्हणून चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये केलेला नवस या देवळात फेडला गेला. पलीकडे गणेशपुरी. गरम पाण्याच्या कुंडांत अंग शेकून माणसं नित्यानंदांच्या समाधीला जातात. नित्यानंद १९६१ मध्ये गेले. त्यांचे शिष्य मुक्तानंद यांनी कुंडलिनी जागृतीचा, शक्तिपाताचा मार्ग इथून थेट अमेरिकेपर्यंत नेला. पुण्यात गुळवणी महाराजांच्या वासुदेव निवासात तीच दीक्षा गाजावाजा न करता दिली जात होती.

आता याच हायवेलगतच्या टॉवरांतली कॉलेजची पोरं मोबाइलवर चिनी मालिका बघतात. त्यांतला नायक श्वास कोंडतो, नाभीखाली शक्ती साठवतो, एकेक पायरी चढतो आणि शेवटी अमर होतो. ही कल्पना चीनमध्ये जुनीच. अमरत्वाचं औषध आणायला समुद्रात जहाजं धाडणारा पहिला सम्राट इसवी सनापूर्वी २१० मध्ये पन्नाशीच्या आतच मेला. पुढे ताओपंथीयांनी औषधाची भट्टी शरीरातच पेटवली. पोरांना हे सगळं नवंकोरं वाटतं. घरातली ज्ञानेश्वरी उघडायला कुणी सांगितलेलं नसतं, आणि सांगितलंच तर पारायणासाठी.

सहावा अध्याय काढून बघा. १२९० मध्ये नेवाशात सांगितलेला हा ग्रंथ इथे अचानक अंगावर येतो. आसन बसतं, बंध पडतात, खालचा वायू उलटा फिरतो आणि कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू, म्हणजे कुंडलिनी, जागं होतं. जागं होतं ते भुकेलेलं. शरीरातलं मांस खातं, हाडं-नखांतलं सत्त्व शोषतं, प्राणाला गिळतं. मग वरून अमृत झरतं आणि जुनी कात पडून आतून नवा देह निघतो. नखं नवी, दात हिऱ्यांसारखे. हा योगी पाण्यावरून चालतो, त्याला समुद्रापलीकडचं दिसतं, मुंगीच्या मनातलं कळतं. माझ्या मते मराठीत याच्या तोडीचं अद्भुत पुन्हा कुणी लिहिलं नाही. त्यामागे नाथपंथाची गुरुपरंपरा आहे: गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ. ज्ञानदेव पुढच्याच टप्प्यात हा देखणा देहही शून्यात विरवून टाकतात. आणि ज्याला ही सगळी वाट ठाऊक होती तो १२९६ मध्ये, ऐन विशी-बाविशीत, आळंदीला समाधिस्थ झाला.

चांगदेवांचं याच्या उलट. तापी-पूर्णेच्या संगमावरचे हे योगी मरणाची वेळ आली की प्राण ब्रह्मांडात चढवून काळाला चकवायचे. असे चौदाशे वर्षं जगले, अशी आख्यायिका. ज्ञानदेवांना पत्र लिहायचं तर वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार, याचाच उलगडा होईना. शेवटी कोरं पत्र धाडलं. ज्ञानदेवांच्या बहिणीने, मुक्ताबाईंनी, ते पाहून, एवढी वर्षं जगून म्हातारा कोराच राहिला, असा शेरा मारला म्हणतात. मग वाघावर बसून, सापाचा चाबूक घेऊन चांगदेवांची स्वारी निघाली, तर ज्ञानदेव बसलेली भिंतच समोरून चालत आली. ज्ञानदेवांनी पत्राला दिलेलं उत्तर म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’. त्या पासष्ट ओव्यांत आयुष्य वाढवायची एकही युक्ती नाही. पुढे चांगदेवांनी चौदा-पंधरा वर्षांच्या मुक्ताबाईंना गुरू केलं आणि पुणतांब्याला गोदाकाठी समाधी घेतली.

चिनी कथेत अमर होणारा शेवटी जिंकतो. मराठीत त्याची फजिती होते. साधना मात्र इथेही जुनीच: कोकणातल्या पन्हाळेकाजीच्या लेण्यांत बौद्ध वज्रयान आणि नाथसिद्ध एकाच डोंगरात कोरलेले आहेत. घराघरांत ती पोचवली धुंडीसुत मालूच्या ‘नवनाथ भक्तिसारा’ने, १८१९ मध्ये. श्रावणात त्याचं पारायण करणारी कुटुंबं आजही भाईंदरला सापडतील.

त्यातल्या राणी मैनावतीला एकच घोर. नवरा चितेवर गेला, उद्या आपला देखणा मुलगा, राजा गोपीचंदही राख होणार. म्हणून ती त्याला जालिंदरनाथाला शरण जायला सांगते. मुलगा उलटा संशय धरून त्या गुरूलाच खड्ड्यात पुरतो, वर घोड्यांची लीद लोटतो. पुढे जालिंदराचा शिष्य कानिफनाथ येतो. गुरूचा राग भयंकर, म्हणून कानिफनाथ गोपीचंदाचे धातूचे पुतळे करवून खड्ड्याच्या काठी उभे करतो. आतून विचारणा होते, कोण आहे? गोपीचंद, असं सांगताच शाप सुटतो आणि पुतळा भस्म होतो. असं एकामागून एक. पुतळे संपल्यावर राजाचं नाव घेतलं तरी तो जिवंतच, तेव्हा गुरू म्हणतो, आता हा अमरच होवो. आईची इच्छा पुरी झाली. अमर झालेल्या राजाला आधी स्वतःच्याच वाड्यात, राण्यांपुढे झोळी पसरावी लागते. मग तो बहिणीच्या, चंपावतीच्या गावी जातो. तिच्या सासरचे त्याला घरात घेत नाहीत, तबेल्यात बसवतात.