एका शिताची परीक्षा

भात शिजला कीं नाहीं हें पाहावयास कोणी सगळें पातेलें उपसीत नाहीं. एक शीत बोटांनीं दाबलें म्हणजे कळतें. आपल्या शास्त्रकारांनीं यास स्थालीपुलाकन्याय असें नांव दिलें आहे. अमेरिकेंतील इंडियाना राज्यांत विगो म्हणून एक काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा पोटविभाग आहे. तिला तेथील पत्रकार पुष्कळ वर्षें असेंच शीत मानीत आले. १८८८ पासून २०१६ पर्यंत अध्यक्षपदाच्या तेहतीस निवडणुका झाल्या. त्यांपैकीं एकतीस वेळां विगोनें ज्यास अधिक मतें दिलीं तोच अध्यक्ष झाला. १९०८ आणि १९५२ हीं दोनच सालें काय तीं चुकलीं.

आम्हांसही याचें मोठें कौतुक वाटे. २०२० च्या नोव्हेंबरांत विगोनें ट्रंप यांस कौल दिल्याचें कळतांच आम्हीं चहाच्या वेळीं घरच्या मंडळींपुढें भाकीत करून टाकलें. चार दिवसांनीं बायडन निवडून आल्याचें जाहीर झालें आणि आमची वाचा बसली. सूनबाईंनीं मात्र सहज विचारलें, "मामंजी, तिकडे सगळे लोक मत द्यायला जातात का हो?" हा प्रश्न वस्तुतः आम्हांस आधीं सुचावयास हवा होता.

विगोची ख्याति अगदींच पोकळ नव्हती. वाबाश नदीच्या कांठचें टेरे हॉट हें तिचें मुख्य शहर. रेल्वे, कोळशाच्या खाणी व कांचेचे कारखाने यांवर तें वाढलें. कोकाकोलाच्या प्रसिद्ध बांकदार बाटलीचा घाट १९१५ सालीं येथेंच ठरला. पांच वेळां अध्यक्षपदास उभे राहिलेले समाजवादी पुढारी यूजीन डेब्स येथलेच. १९२० सालीं तर ते अटलांटाच्या तुरुंगांतून उभे राहिले व त्यांस नऊ लाखांवर मतें पडलीं. कामगार मुख्यत्वें डेमोक्रॅटिक पक्षाकडे, भोंवतालचे शेतकरी व चर्चनिष्ठ मंडळी रिपब्लिकन पक्षाकडे, त्यांत विद्यापीठांतील तरुणांची भर. त्यामुळें तराजूचा कांटा नेहमीं हलता राही. २०१२ सालीं ओबामा येथें शेंकडा एक मताहूनही कमी फरकानें पुढें राहिले. एका पंक्तीस जेवणाऱ्यांचें मत एकच असतें असें नाहीं, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस सांगावयास नकोच.

परंतु खाणी व कारखाने ओसरले, तसा कामगारवस्तीचा जुना कलही पालटला. २०१६ सालीं विगोनें ट्रंप यांस सुमारें पंधरा टक्क्यांचें आधिक्य दिलें. त्याच निवडणुकींत देशभरचीं मतें मोजतां क्लिंटनबाईंस अठ्ठावीस लाख अधिक होतीं! निकाल जुळला म्हणून ओरड झाली नाहीं, एवढेंच. शीत आणि पातेलें तेव्हांच वेगळें झालें होतें.

शिवाय अमेरिकेंत तीन हजारांवर काउंट्या आहेत. इतक्यांत एखादी वर्षानुवर्षें जुळत राहिली तर त्यांत काकतालीयन्याय, म्हणजे कावळा बसावयास आणि फळ पडावयास एक गांठ पडणें, कितपत आहे हें पाहिलें पाहिजे. पश्चिम किनाऱ्यावर वॉशिंग्टन राज्यांत क्लॅलम नांवाची काउंटी आहे. लांकूडतोडे, कोळी, निवृत्त लोक व मूळच्या आदिवासी जमाती यांची ती वस्ती. १९८० पासून २०२० पर्यंत ती एकदांही चुकली नाहीं. २०२४ सालीं तिनें हॅरिस यांस अधिक मतें दिलीं आणि तीही चुकली. नापास झालेली विगो त्या वर्षीं पुन्हां पास!

आतां सूनबाईंचा प्रश्न. आम्ही एका शाळेंत नोकरीस असतांना कच्च्या मुलांस मॅट्रिकच्या परीक्षेस बसूंच देत नसत, आणि शाळेचा निकाल शेंकडा शंभर लागे. ज्यांस बसविलेंच नाहीं त्यांची गणती निकालपत्रकांत कोठून असणार? निवडणुकीच्या आंकड्यांचेंही तसेंच आहे. २०२० सालीं अमेरिकेंत पात्र नागरिकांपैकीं शेंकडा सुमारें ६६ जणांनीं मत दिलें, आणि १९०० नंतरचें हें सर्वांत मोठें प्रमाण! २०१४ सालीं, अध्यक्षपदाची निवडणूक नसतांना, इंडियानांत हें प्रमाण शेंकडा सुमारें २८ वर येऊन साऱ्या देशांत तळाशीं गेलें. मतदानाचा दिवस १८४५ च्या कायद्यानें मंगळवार ठरलेला, आणि इंडियानांत केंद्रें सायंकाळीं सहालाच बंद होतात. दुसऱ्या पाळीच्या कामगारानें काय करावें?

उलट वॉशिंग्टन राज्यांत मतपत्रिका अठरा दिवस आधीं टपालानें घरीं येते. ती शांतपणें भरावी, सही करून पेटींत टाकावी. तेथें २०२० सालीं नोंदलेल्या मतदारांपैकीं शेंकडा ८४ जणांनीं मतें दिलीं. हा आंकडा नोंदलेल्यांपैकीं आणि वरचा ६६ पात्रांपैकीं, तेव्हां दोहोंची सरळ तुलना करूं नये, असें आमच्यांतील मास्तर बजावतो. तरी टपालाच्या सोयीचा उपयोग आहे यांत आम्हांस शंका वाटत नाहीं.

विगोचें मन ओळखावयास देशोदेशींचे पत्रकार टेरे हॉटला जाऊन चहाकॉफीच्या दुकानांत बसले. २०१४ सालीं इंडियानांतील जे शेंकडा सत्तरांवर लोक घरींच राहिले, त्यांच्या दारीं त्यांपैकीं कोणी गेल्याचें आमच्या वाचनांत आलें नाहीं.